‘स्लीप 60 टाका आणि मोकळे व्हा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, राम राम. लोडशेडिंगनंतर लिनक्स मशीनवरची सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, आपोआप का उठत नाही, यावर मी लांबलचक लेख लिहिला आणि तुम्ही एका ओळीत निकाल लावलात. आरसी-लोकल फाइलमध्ये, म्हणजे मशीन उठताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, स्लीप 60 (60 सेकंद थांब) टाका, खाली प्रोग्रामचं नाव लिहा, विषय संपला. वर हेही ऐकवलंत की तुमच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर दोन हंगाम असंच चालू आहे, स्क्रिप्ट हाताने चालते म्हणजे ती बरोबरच आहे, सिस्टमडीने (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या, सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) सोप्याचं अवघड करून ठेवलंय, आणि ‘तुम्ही इतलं डोकं कसाले लावतस?’

तुमच्याकडे चालतंय यात वाद नाही. तुमचा राउटर मिनिटाच्या आत जागा होतो, म्हणून चालतंय. लाइट आली की एसएसडीवालं मशीन पटकन तयार होतं, राउटर-स्विचचे दिवे मात्र अजून लुकलुकत असतात. काट्याचा प्रोग्राम ठरावीक आयपी पत्ता धरायला जातो आणि तो पत्ता मशीनला मिळालेलाच नसतो. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ येतं, लिनक्सवर एरर 99. युनिट फाइलमध्ये, म्हणजे सिस्टमडीला सर्व्हिसबद्दल सूचना देणाऱ्या फाइलमध्ये, रीस्टार्ट लावलेलं असलं तरी खरी गंमत पुढेच आहे. दोन प्रयत्नांमध्ये सिस्टमडी मुळात थांबतं फक्त 100 मिलिसेकंद, आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून पाहिलं की हात टेकतं. पाचही संधी डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतात. त्यानंतर राउटर आला काय नि न आला काय, सर्व्हिस ‘फेल्ड’ म्हणून पडून राहते. सकाळी काटेवाला येऊन हाताने स्टार्ट देतो, ती लगेच चालू होते, आणि मग सगळेच म्हणतात, ‘कधी चालते, कधी नाही.’

यावर माझा उपाय तुमच्यापेक्षा फार लांब नाही. आफ्टर आणि वॉन्ट्स, युनिट फाइलमधल्या या दोन्हींपुढे नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट, म्हणजे ‘जोडणी मिळाली’ हा टप्पा, लिहायचं. नुसतं नेटवर्क टार्गेट लिहिलं तर जोडणी मिळाल्याची खात्री नसते. नुसतं आफ्टर लिहिलं तर क्रम ठरतो, पण ते टार्गेट उठवायला कोणी सांगतच नाही. शिवाय रीस्टार्टसेक, म्हणजे दोन प्रयत्नांमधले सेकंद, 10 ठेवायचं. मग 10 सेकंदांत पाच प्रयत्न होऊच शकत नाहीत, मर्यादा आड येत नाही, आणि राउटर पाच मिनिटांनी आला तरी सर्व्हिस त्याला गाठते. तुमचं 60 त्या दिवशी कमी पडेल. शिवाय आरसी-लोकलमधून सोडलेला प्रोग्राम भर दुपारी, काट्यावर कापसाच्या ट्रॅक्टरची रांग असताना मेला, तर त्याला उठवायला मागे कोणीच नसतं.

तुमच्या मळ्यातला ऑटो स्टार्टर तरी नुसता टायमर मोजतो का? चांगला असेल तर तिन्ही फेज आल्यात का ते बघतो आणि मगच मोटर उचलतो. थांबायला माझी ना नाही. कशासाठी थांबायचं, ते लिहा एवढंच म्हणणं आहे.

आता सिस्टमडीवरचा राग. ते आलं 2010 मध्ये. क्रमाचं दुखणं त्याच्या आधीचं आहे. नेटबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या प्रणालीने 2000 मध्ये 1.5 आवृत्तीत आरसी-डी ही स्क्रिप्टांची पद्धत आणली, तेव्हापासून प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर ‘मी काय पुरवतो, मला आधी काय लागतं’ हे लिहिलेलं असतं आणि आरसीऑर्डर नावाचा प्रोग्राम त्यावरून रांग लावतो. तिच्याच भावकीतल्या फ्रीबीएसडीने तीच पद्धत उचलली. तिथे नेटवेट नावाची स्क्रिप्ट आहे, ती दिलेल्या पत्त्याला पिंग करत, म्हणजे ‘आहेस का?’ विचारत बसते आणि उत्तर आलं की पुढच्यांना वाट देते. जुन्या स्क्रिप्टा वाचायला सरळ होत्या, हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. युनिट फाइलींचा पसारा मलाही आवडत नाही.

‘हाताने चालते म्हणजे बरोबर’ हे मात्र अजिबात पटलं नाही. हाताने चालवताना तुमचा पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) असतो, तुमचं फोल्डर असतं, आणि बहुतेकदा पुढे सुडोही (सर्वाधिकार देणारी आज्ञा) असतं. बूटच्या, म्हणजे मशीन उठण्याच्या वेळी यातलं काहीच नसतं. सिस्टमडीची सर्व्हिस वेगळं सांगितलं नाही तर रूट फोल्डरमध्ये उभी राहते. जामनेरकडच्या एका जिनिंगमध्ये काट्याची सिरियल केबल सुडोने मस्त वाचली जायची आणि बूटनंतर ‘परमिशन डिनाइड’. सर्व्हिसचा युजर सिरियल पोर्ट वापरू देणाऱ्या डायलआउट ग्रुपमध्येच नव्हता. तिथे स्लीप 600 टाकलं असतं तरी काटा शून्यच दाखवत बसला असता.

अजून एक नमुना. सर्व्हिसच्या स्टेटसमध्ये 203 आणि पुढे एक्झेक (प्रोग्राम सुरूच करता आला नाही) दिसतं, लॉग म्हणतो ‘नो सच फाइल’, आणि फाइल तर समोर दिसतेय! अशा वेळी फाइल दाखवणाऱ्या कॅट आज्ञेला डॅश कॅपिटल ए लावून स्क्रिप्टची पहिली ओळ बघा. शेवटी टोपीवालं एम दिसलं, तर ती विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली आहे. मशीन ‘एसएच’ (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) शोधत नाही, शेपटाला तो अदृश्य वर्ण चिकटलेलं ‘एसएच’ शोधतंय.

तुमचं चालू आहे ते हंगाम संपेपर्यंत मोडू नका. फक्त व्हार-लॉगमध्ये जर्नल नावाचं फोल्डर आहे का बघा. नसेल तर तयार करून जर्नलडी (लॉग लिहिणारी सर्व्हिस) रीस्टार्ट करा, नाहीतर लाइट गेली की लॉगही जातो. पुढच्या वेळी काटा अडला तर लॉग दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलला डॅश बी आणि डॅश यू लावून, पुढे सर्व्हिसचं नाव देऊन, ज्या ओळी येतील त्या इथेच चिकटवा. फोटो नको, ओळी पाठवा.