एरेबस आणि आमचं नगर

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर २०२४पासून एक भांडण मिटतच नाही. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. काका म्हणतात, इतिहासाची चूक दुरुस्त झाली. चुलतभाऊ म्हणतो, आधी रस्ते दुरुस्त करा. मी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये बसून दोघांच्याही मेसेजला अंगठा टाकतो.

इथून अंटार्क्टिकाला विमानं जातात, त्यामुळे तिकडचे डोंगर इथे परके वाटत नाहीत. त्यातला एक एरेबस : रॉस बेटावरचा ३,७९४ मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी. जानेवारी १८४१मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉसला तो बर्फातून धूर आणि ज्वाळा ओकताना दिसला. त्याने त्याला सरळ आपल्या जहाजाचं नाव दिलं, शेजारच्या डोंगराला दुसऱ्या जहाजाचं, टेरर. एरेबस मुळात उखळी तोफांसाठी बांधलेली युद्धनौका, आणि तिचं नाव ग्रीक पुराणातल्या काळोखाचं. पुढे दोन्ही जहाजं जॉन फ्रँकलिन या दर्यावर्दीच्या मोहिमेबरोबर पार उत्तरेला, आर्क्टिकमध्ये गेली आणि तिथल्या बर्फातच संपली. नावं दक्षिणेत राहिली.

पण इथे 'एरेबस' म्हटल्यावर ना रॉस आठवतो, ना ग्रीक. २८ नोव्हेंबर १९७९ला एअर न्यूझीलंडचं पर्यटकांचं विमान त्याच्या उतारावर आदळलं, २५७ जण गेले. पांढऱ्या ढगांखाली पांढरा बर्फ. समोरचा चढ वैमानिकांना दिसलाच नाही. काळोखाच्या नावाचा डोंगर, आणि घात केला तो उजेडाने! नवा असताना मी ऑफिसात जेवताना म्हणालो होतो, 'एरेबस बघायला मजा येईल.' टेबलावर कुणी काही बोललं नाही. नंतर एका सहकाऱ्याने बाजूला घेऊन सांगितलं.

नामांतरं इथेही होतात. १९९८मध्ये नाई ताहू या माओरी जमातीशी झालेल्या समझोत्यात माउंट कुक 'आओराकी / माउंट कुक' झाला, जुनं नाव आधी. ते नाव वापरणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे होती, म्हणून मला ते पटलं. नगरचा गुंता वेगळा आहे. शहर वसवलं अहमद निजामशहाने. अहिल्याबाई जन्मल्या त्याच जिल्ह्यातल्या चौंडीत. त्यांचं नाव उपरं नाही, त्यामुळे काकांचा आनंद मला कळतो. 'चूक दुरुस्त झाली' हे मात्र कळत नाही. गाव वसवणं ही कुठली चूक?

रविवारी फोनवर हेच म्हणालो. काका जरा तापले, मग म्हणाले, "ते राहू दे. डिसेंबरात नगरला किती दिवस आहेस?"