"वयच झालंय, चालायचंच" हे आज पुन्हा ऐकलं

सकाळी सोसायटीत अँब्युलन्स आली. तळमजल्यावरचे काका बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलंय. गेटपाशी जमलेल्या सगळ्यांच्या तोंडी एकच, "वयच झालंय हो, चालायचंच." तेव्हापासून डोकं ठणकतंय.

नाही चालायचं! काका ओल्या, गुळगुळीत टाइलवर घसरले. धरायला भिंतीला काही नव्हतं. यात वय कुठून आलं?

दोन वर्षांपूर्वी माझी आई अशीच पडली. रात्रीचे तीन. तिला बीपीची गोळी आहे, झटकन उठली की अंधारी येते. आमची झोप मोडू नये म्हणून दिवा लावला नाही. बाथरूमच्या दारातलं पायपुसणं सरकलं, तिने टॉवेलच्या रॉडला हात घातला आणि रॉड स्क्रूसकट उपटून हातात आला. आमच्या खोलीचं दार बंद, एसी चालू. तिच्या हाका ऐकू आल्या नाहीत. माझी आई तासभर गार फरशीवर पडून होती.

आणि त्याच्या आदल्याच वर्षी आम्ही घराचं काम काढलं होतं. फॉल्स सीलिंग केलं, टीव्हीमागे लाकडी पॅनल केलं. टाइल निवडल्या त्या रंग बघून. ओल्या पायाने त्यांवर कुणी उभं राहून बघितलं नाही. आधाराची स्टीलची दांडी काही शे रुपयांत मिळते हो. ना इंटिरियरवाल्याने विषय काढला, ना आम्हाला सुचलं.

अपघाती मृत्यूंमध्ये जगभरात रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच नंबर आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हेल्मेटवरून आपण किती भांडतो, मोरीबद्दल कधी बोलतो का?

म्हातारी माणसं ऐकत नाहीत, हे खरंय. काठी आणली तर आई रडली, "मला पांगळी करून टाकताय." पण पायपुसणं उचलायला तिची परवानगी कशाला हवी होती?

आज एवढंच करा. रात्री सगळे दिवे मालवा आणि आईच्या पलंगापासून संडासापर्यंत तिच्या चालीने जा. मी गेले, पण ती हॉस्पिटलमध्ये असताना. एक्स्टेंशनची वायर, अर्ध्या वाटेतला स्टूल, बाथरूमचा उंबरठा, तळ झिजलेल्या तिच्या सपाता. सगळं रोजच डोळ्यांसमोर होतं. सपाता हातात घेऊन तिथेच बसून रडले.

आता कमोडशेजारी एक आणि नळापाशी एक दांडी आहे. चिकटवायची नव्हे, भिंतीत भोक पाडून पक्की बसवलेली. पलंगापासून वाटेवर रात्रभर बारीक दिवा असतो. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांनी बदलून दिल्या. माझ्या खोलीचं दार मी लावत नाही.

तिची चाल अजून लंगडी आहे, ती आता तशीच राहणार. रात्री तिनाच्या सुमाराला दांडीवर तिच्या बांगड्या वाजतात. मी जागीच असते. परत येताना दुसऱ्यांदा वाजल्या, की कूस बदलते.