दहा मिनिटं गप्प बसणं

आमच्या वऱ्हाडात माणूस दोन तास पारावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला तरी त्याला कोणी काही विचारत नाही. तोच १० मिनिटं ओसरीत डोळे मिटून ताठ बसला, की "काहून बाप्पा, तब्येत बरी नाही का?" सुरू होतं, आणि म्हातारी दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या शोधू लागते. म्हणून मी म्हणतो, ध्यानाला बसणाऱ्या नवशिक्यानं मनाआधी घरच्यांची समजूत काढावी.

तसं ध्यान आपल्याकडे नवं नाही. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला, तेव्हापासूनची सामुदायिक ध्यान-प्रार्थनेची शिस्त गावोगावी माहीत आहे. पण तिथं सोबत माणसं असतात, कोणी वेगळं दिसत नाही. एकट्यानं बसला की गावभर होतं.

वेळ पहाटेची सांगतात. सांगणाऱ्यांना रब्बीतली विजेची लाईन ठाऊक नसावी. ओलिताची पाळी रात्रीची आली, की माणूस पहाटे चिखलाच्या पायांनी घरी येतो. तो पाचव्या श्वासाला घोरणारच. त्या आठवड्यात संध्याकाळी, जेवणाआधी बसावं. एरवी दात घासल्यावर लगेच. चहानंतर बसू म्हटलं की संपलं. चहासोबत शेजारी येतो आणि शेजाऱ्यासोबत कापसाचा भाव. सुरुवातीला ५ मिनिटं पुरे, अंगवळणी पडलं की १०.

सतरंजीवर पोत्याची घडी करून ढुंगणाखाली चार बोटं उंचवटा करावा. गुडघे कमरेच्या खाली गेले की पाठ फारशी ओढाताण न करता सरळ राहते. सपाट फरशीवर पोक येतं. पायाला मुंग्या आल्या तर कुंडलिनी जागी झाली असं समजू नये. नस दबली आहे, पाय मोकळा करावा. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्ची चालते, तळवे जमिनीला टेकवून. भिंतीला टेकलं की डुलकी, आणि खाटेचं तर नावच नको.

श्वास मुद्दाम ओढायचा नाही. जोरजोरात ओढला तर डोकं गरगरतं. नाकपुडीशी जो येतो-जातो तेवढा ओळखायचा. सोडताना मनात एकेक अंक मोजायचा, १० झाले की परत १. चारवर सोसायटीचं कर्ज आठवतं, सहावर रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, खाल्लेला हरभरा, आणि भानावर येतो तेव्हा आकडा २७ झालेला असतो. बिघडलं काहीच नाही. लक्ष सुटलं हे कळणं, हीच तर खरी कसरत. मुकाट्यानं १ वर यावं. स्वतःला शिव्या घालण्यात गेलेला वेळही त्याच १० मिनिटांत धरला जातो.

डासांसाठी मच्छरदाणीतच बसावं. खाज सुटली तर लगेच हात नेऊ नये. ती चढते, बहुधा उतरते. नाहीच उतरली तर खाजवावं, कोणी दंड लावत नाही. मे महिन्यात कूलरच्या घरघरीची सवय होते. खरी परीक्षा लाईन गेल्यावर, कारण तेव्हा घामाच्या आधी साऱ्या आळीतून "गेलीऽऽ" उठतं.

मोबाईलवर गजर लावून तो विमान मोडवर टाकावा. दारात येणाऱ्या माणसाला मात्र तो मोड नसतो. तो चप्पल काढून समोर टेकतो, आदरानं आवाज खाली आणतो, "ध्यान करून राहिले का भाऊ? करा, करा. फक्त तेवढा फवारणीचा पंप कुठी ठेवला ते सांगा."

पंप आदल्या रात्रीच अंगणात काढून ठेवावा.