ऑलिंपिकला जायचंय? आधी शेजारी बदला

आपल्या देशाचा रग्बी सेव्हन्सचा संघ ऑलिंपिकला न्यायचाच, असं तुमच्या मनाने घेतलं असेल, तर सर्वांत आधी मैदानात घाम गाळणाऱ्या त्या पोरांना चार दिवस घरी पाठवा. त्यांची गरज शेवटी लागते, आणि तीही एका सामन्यात जेमतेम चौदा मिनिटं. सात मिनिटांचे दोन भाग, प्रत्येक बाजूला सात खेळाडू, आणि मैदान मात्र पंधरा जणांच्या रग्बीचं, तेवढंच्या तेवढं. एवढ्या मोकळ्या जागेत पळायला माणसं मिळतात हो. त्या मैदानापर्यंत पोचायला नकाशा लागतो, पासपोर्ट लागतात आणि शेजाऱ्यांच्या भाग्यावर बारीक नजर ठेवणारा पदाधिकारी लागतो. तो पदाधिकारी तुम्ही आहात असं धरून चालतो.

जागा बारा. पुरुषांच्या बारा, महिलांच्या बारा. पॅरिस 2024 साठी त्यांची वाटणी अशी होती: एक यजमानाला, चार जागतिक मालिकेत (देशोदेशी फिरत चालणाऱ्या सेव्हन्स स्पर्धांत) वर आलेल्यांना, सहा वेगवेगळ्या खंडांना एकेक, आणि राहिलेली एक रेपेशाजला, म्हणजे जे आधी कुठे ना कुठे हरले आहेत त्यांच्यात झुंज लावून.

यातला सर्वांत बिनघोर मार्ग यजमान होण्याचा. खर्च थोडा जास्त येतो, स्टेडियमं बांधावी लागतात, पण एकही ट्राय (रग्बीतला गोल म्हणा) न करता प्रवेश नक्की. ब्राझीलने 2016 मध्ये हे करून दाखवलं आणि पुरुषांत बारावा क्रमांक मिळवला. जपान टोकियोत अकरावा आला. आता तुम्ही फ्रान्सचं उदाहरण तोंडावर फेकाल. हे फ्रान्सचे पुरुष टोकियोला पात्रच ठरले नव्हते. 2021 च्या जूनमध्ये मोनाकोत आयर्लंडकडून हरून घरी बसले. तीन वर्षांनी घरीच ऑलिंपिक आलं, पात्रतेची कटकट संपली, पंधराच्या रग्बीतला बिनीचा खेळाडू अंतवान द्युपाँ युरोपातली सिक्स नेशन्स स्पर्धा सोडून सेव्हन्समध्ये आला, आणि फिजीला 28-7 हरवून सुवर्णपदक गळ्यात. आता याला नशीब म्हणायचं की नियोजन, हे तुमच्या वार्षिक अहवालात तुम्हीच ठरवा.

यजमानपद जमत नसेल तर शेजार तपासा. इथे खरं कौशल्य आहे. तुमचा देश पॅसिफिक महासागरात असेल, तर आजूबाजूला न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि फिजी आहेत. फिजी म्हणजे जेमतेम नऊ लाख वस्तीचा देश. त्याने इतिहासातलं पहिलं ऑलिंपिक पदक रिओत सेव्हन्समध्येच मिळवलं, तेही थेट सुवर्ण, आणि त्या आनंदात चक्क सात डॉलरची नोट छापली. अशा लोकांना मैदानात गाठायला जाऊ नका. त्यांनी मालिकेतूनच परस्पर जागा घ्याव्यात म्हणून देव पाण्यात घालून बसा. पॅरिसच्या वेळी झालं तसंच. मालिकेच्या चार जागा न्यूझीलंड, अर्जेंटिना, फिजी आणि ऑस्ट्रेलियाने नेल्या, आणि ओशिआनियाची जागा सामोआला मिळाली. अर्जेंटिना वाटेतून दूर झाल्यामुळे दक्षिण अमेरिकेची जागा उरुग्वेला. शेजाऱ्याचं भलं व्हावं असं इतक्या कळकळीने वाटण्याचे प्रसंग जगात फार थोडे.

मात्र शेजारी वर गेलाच नाही, तर? केनियाला विचारा. 2023 च्या मे महिन्यात केनियाचे पुरुष जागतिक मालिकेतून खाली ढकलले गेले. दक्षिण आफ्रिका मालिकेत शाबूत, पण पहिल्या चौघांत नाही. म्हणून सप्टेंबरमध्ये हरारेत आफ्रिकेच्या एकाच जागेसाठी दोघे समोरासमोर आले, आणि मालिकेतून हाकललेल्या केनियाने 17-12 ने सामना मारला. यातून शिकायचं एवढंच, की जगात तुम्ही कितवे आहात याला फारसा अर्थ नाही. त्या दुपारी हरारेत कितवे आहात ते बघा. पुढे दक्षिण आफ्रिका मोनाकोच्या रेपेशाजमधून, शेवटची जागा पकडून, कशीबशी पॅरिसला पोचली. तिथे तिने उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडला घरी पाठवलं आणि कांस्यपदक घेतलं. केनिया नवव्या स्थानावर राहिला. पद्धत अगदी अचूक आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आणि जागा हाती आल्यावर ती नाकारण्याची सोयही आहे. रिओच्या आधी दक्षिण आफ्रिकेच्या महिला आफ्रिका खंडात पहिल्या आल्या. त्यांच्याच देशाच्या ऑलिंपिक समितीने सांगितलं, खंडातून मिळालेली पात्रता आम्ही मानत नाही, आम्हाला जागतिक दर्जाची हवी. मग दुसऱ्या आलेल्या केनियाच्या महिला विमानात बसल्या. आपल्याकडे निवड समित्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हा किस्सा जपून ठेवावा. जिंकलेल्या संघाला ‘तुमचं जिंकणं पुरेसं भारी नाही’ म्हणून घरी बसवायला वेगळीच उंची लागते.

ब्रिटनची युक्ती तर संग्रही ठेवण्यासारखी. रग्बीत इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स वेगळे देश आहेत, ऑलिंपिकमध्ये एकच. म्हणून त्यांनी ठरवलं, पात्रतेचं ओझं इंग्लंडने वाहायचं. 2014-15 च्या मालिकेत इंग्लंड चौथा आला तर ग्रेट ब्रिटन रिओला, नाहीतर पुन्हा पात्रतेच्या रांगेत. म्हणजे त्या मोसमात स्कॉटलंडच्या एखाद्या खेळाडूने जीव तोडून इंग्लंडला हरवलं, तर तो आपल्याच ऑलिंपिकच्या तिकिटावर पाय देत होता! हे तेच दोन देश, जे 1879 पासून कलकत्ता कपसाठी भांडतात. तो करंडक कलकत्त्याच्या एका बुडालेल्या क्लबाने खात्यातले चांदीचे रुपये वितळवून बनवून घेतला. (रग्बीत भारताचं योगदान काय, असं कोणी विचारलं तर हे सांगा. चांदी आपली होती.) शेवटी इंग्लंड चौथा आला, ग्रेट ब्रिटनच्या पुरुषांनी रिओत रौप्य घेतलं आणि अंतिम सामन्यात फिजीकडून 43-7 असा मार खाल्ला. उत्तर आयर्लंडचे खेळाडू यातही वेगळेच, ते आयर्लंडकडून खेळतात. नकाशावरच्या सीमा आणि रग्बीच्या सीमा यांचा संबंध जोडायला जाऊ नका, डोकं दुखेल.

शेजारी वाईट आणि खेळाडूही नाहीत? मग आजी शोधा. जागतिक रग्बीच्या नियमाप्रमाणे खेळाडूचा स्वतःचा, आईवडिलांपैकी कोणाचा किंवा आजीआजोबांपैकी कोणाचा जन्म तुमच्या देशात झालेला असला तरी चालतं. हल्ली सलग पाच वर्षं राहूनही काम होतं. फक्त ऑलिंपिकसाठी त्या देशाचं नागरिकत्वही लागतं, तेव्हा पासपोर्ट कार्यालयात ओळख ठेवा. एक काळ असा होता, की एका देशाकडून खेळलेला माणूस ऑलिंपिक पात्रतेच्या सेव्हन्स स्पर्धेतून दुसऱ्या देशाकडे जाऊ शकत असे. न्यूझीलंडच्या सेव्हन्स संघातला टिम नानाई-विल्यम्स त्याच दाराने सामोआकडे आला आणि त्याच वर्षी, 2015 मध्ये, पंधराच्या विश्वचषकातही सामोआकडून खेळला. म्हणजे पात्रता स्पर्धा ही पात्र होण्यासाठीच असते असं नाही, कधी कधी ती देश बदलण्याची खिडकीही असते. आता नियम कडक केलेत. तीन वर्षं थांबावं लागतं आणि वंशाचं किंवा जन्माचं नातं दाखवावं लागतं. आजीचं महत्त्व त्यामुळे आणखी वाढलं.

आता आपलं. पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या चिखलात लोळणारी माणसं तुम्ही जाता-येता पाहिली असतील, तेव्हा खेळाडूंचा प्रश्न नाही. प्रश्न जपानचा आहे. आशियाला जागा एक, आणि जपान हा असा शेजारी आहे जो रिओत न्यूझीलंडला 14-12 हरवून बसला. तो यजमान झाला तेव्हा कुठे दार उघडलं. 2019 मध्ये इंचॉनला दक्षिण कोरियाने हाँगकाँगला जादा वेळेत 12-7 असं हरवलं आणि टोकियो गाठलं. तिथे कोरिया बारावा आला, म्हणजे शेवटचा. पण प्रवास झाला, ब्लेझर शिवून झाले, पदाधिकाऱ्यांचे फोटो निघाले. तुमच्या कामाच्या दृष्टीने याहून जास्त काय हवं?

तेव्हा जपानने पुन्हा कधी ऑलिंपिक भरवावं याची वाट पाहा. तोवर पाहुणे बोलवा. 2025 च्या जूनमध्ये मुंबईतच सेव्हन्सची फ्रँचायझी लीग झाली, न्यूझीलंड आणि फिजीचे खेळाडू अंधेरीत पळून गेले. त्यांच्यापैकी कोणाची आजी रत्नागिरीची निघते का, एवढं तेव्हा कोणी विचारलं नाही, ही चूक पुढच्या वेळी टाळता येईल. आणि अगदीच घाई असेल, तर 2036 च्या यजमानपदात रस असल्याचं पत्र भारताने 2024 मध्येच पाठवून ठेवलं आहे. ते मिळालं आणि यजमानाची जागा तोवर टिकली, तर जपान, हाँगकाँग, आजी, कोणाचीच गरज नाही. फक्त त्या चौदा मिनिटांसाठी घरी पाठवलेल्या पोरांना परत बोलवायचं तेवढं लक्षात ठेवा.