रबराच्या चिकातून ग्रामोफोनची वॉशर?

गणपतीआधी माळ्यावरचे ग्रामोफोन खाली उतरतात आणि कोकणातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा फॉरवर्ड फिरू लागतो: दोडामार्गच्या बागेतून रबराचा चीक आणा, जुन्या वॉशरवरून प्लास्टरचा साचा घ्या, त्यात चीक ओतून उन्हात वाळवा. मूळ वॉशर रबराचीच, म्हणजे आवाजही अस्सल! एवढा खटाटोप नको असेल तर कडक वॉशर खोबरेल तेलात उकळा.

ताज्या चिकात रबर 30 ते 40 टक्के, बाकी बहुतेक पाणीच. प्लास्टर पाणी शोषतं, त्यामुळे साच्याच्या कडेला साय धरते. पोकळ मुखवटे असेच बनतात. भरीव वस्तू आत ओली राहते आणि वाळताना आक्रसते. शिवाय हे रबर कच्चं. आपल्या मे महिन्यात ते चिकट होणारच. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक मिसळून तापवलं ते याच दुखण्यावर उपाय म्हणून. चीक साकळू नये म्हणून घालतात तो अमोनिया ग्रामोफोनचं पितळ खातो आणि पितळेतलं तांबं रबर नासवतं.

मूळ वॉशर रबराची होती हे खरं, पण गंधकाने पक्क्या केलेल्या मऊ रबराची. साउंडबॉक्समधली, म्हणजे सुई बसवलेल्या गोल डबीतली, अभ्रकाची चकती दोन्ही बाजूंनी रबरी नळीच्या कड्यांवर अलगद धरलेली असते. कडी कडक झाली की आवाज चिरकतो, घरघरतो. त्यांना साचा लागतच नाही. बारीक सिलिकॉन नळी परिघाएवढी कापायची, टोकाला टोक भिडवायचं, झालं. ओतायचं ते फक्त साउंडबॉक्स आणि टोनआर्म (तो धरणारी पोकळ दांडी) यांच्यामधलं मागचं रबर.

तेही जुन्या रबरावरून साचा घेऊन नाही. आक्रसलेल्या रबराची नक्कल आक्रसलेलीच येणार. त्यातून प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणाऱ्या सिलिकॉनला गंधक चालत नाही: जुन्या रबराला टेकलेला थर दिवसचे दिवस चिकटच राहतो. मापं धातूच्या बैठकीवरून घ्या आणि कुडाळ एमआयडीसीत किंवा जवळच्या लेथवर ॲल्युमिनियमचा साचा कातून घ्या. मऊ, दोन भागांचं सिलिकॉन एकाच कोपऱ्यातून बारीक धारेने सोडा, म्हणजे बुडबुडे कमी राहतात.

तेलाचं म्हणाल, तर रबर कडक होतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. तेलाने ते फुगतं, पूर्ववत होत नाही. फुगलेली वॉशर उलट अभ्रकावर दाबते.

फॉरवर्डखाली कुणीतरी बाथरूमचं सीलंट सुचवतंच. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं. पितळेजवळ ते नकोच.