सेम आहे आजी, घ्या

आज सकाळी मेडिकलमध्ये माझ्यापुढे सत्तरीच्या एक आजी होत्या. स्ट्रिप उलटसुलट करत म्हणाल्या, "बाळा, माझी गोळी गुलाबी असते रे." काउंटरवरच्या मुलाने मोबाईलवरून नजरही काढली नाही. "सेम आहे आजी, फक्त कंपनी बदललीय. घ्या." आजींनी सुटे पैसे मोजून दिले, गोळ्या पिशवीत टाकल्या आणि गेल्या. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

कारण हे "सेम आहे" मी दोन वर्षांपूर्वी ऐकलंय. आणि आईलाही ऐकवलंय.

बाबा गेल्यावर आईची झोप उडाली. डॉक्टरांनी झोल्पिडेम ही झोपेची गोळी दिली, ६.२५ मिलिग्रॅम सीआर. ब्रँडची होती, महाग होती, पण आई दहाला पडायची ती पाचला उठायची. एकदा दुकानात ती कंपनी नव्हती, म्हणून जेनेरिक दिली. "सेम आहे ताई." पैसे वाचले, मलाही बरं वाटलं.

चार दिवसांनी रात्री पाणी प्यायला उठले. पावणेतीन वाजले होते. आई स्वयंपाकघरात ताट पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत बसलेली. "झोप लागते गं, पण टिकत नाही. ही माझी गोळी नव्हे." आणि मी म्हणाले, "औषध तेच आहे आई, तुझ्या मनाचे खेळ आहेत."

त्यानंतर आईने मला काही सांगायचंच सोडलं.

तीन आठवड्यांनी तिला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून स्ट्रिप वाचली. "यावर सीआर कुठंय?" नव्हतंच. साधी ५ मिलिग्रॅमची होती. सीआर म्हणजे कंट्रोल्ड रिलीज. त्या गोळीला दोन थर असतात. एक लगेच विरघळून झोप आणतो, दुसरा हळूहळू विरघळून ती टिकवतो. साधी गोळी सगळी एकदमच विरघळते. नाव तेच, पण गोळी वेगळी आणि डोसही कमी. आईचं शब्दन्‌शब्द खरं होतं!

आता लगेच "जेनेरिक म्हणजे डुप्लिकेट" म्हणत कोणी येऊ नका. बाबांची बीपीची गोळी शेवटपर्यंत जनऔषधी केंद्रातूनच यायची, निम्म्याहून कमी पैशांत. आई आजही जेनेरिकच घेते, फक्त सीआर. आणि झोपते. माझं भांडण स्वस्त गोळीशी नाही, न सांगता बदललेल्या गोळीशी आहे.

आणि ही काही सर्दीची गोळी नव्हे. झोल्पिडेम शेड्यूल एच-वनमध्ये येते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता न येणाऱ्या औषधांच्या यादीत. दुकानदाराला रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. आईचं नाव त्याने लिहून घेतलं होतं, माझ्यासमोर. नाव लिहायला वेळ होता, "ताई, ही सीआर नाही, डॉक्टरांना विचारून घ्या" एवढं म्हणायला नव्हता? औषध नियमांत तर स्पष्ट आहे की अशा चिठ्ठीवर लिहिलेल्याऐवजी दुसरं काही द्यायचंच नाही, आतलं औषध तेच असलं तरी. भिंतीवर ज्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय तो फार्मासिस्ट दुकानात किती वेळ असतो, हे एकदा कोणीतरी विचाराच.

मान्य, तो मुलगा बारा-बारा तास उभा असतो. हेही मान्य की गोळीचा नुसता रंग बदलला तरी काहींची झोप खरंच जाते. मग तर सांगायलाच हवं ना! आणि डॉक्टरांनो, तुम्हीही औषधाचं नाव आणि ते "सीआर" मोठ्या अक्षरांत लिहा. तुमच्या त्या वेलांटीत आमची माणसं रात्र रात्र जागी राहतात.

चिडून लिहायला बसले होते, आता नुसतं भरून येतंय. सकाळच्या त्या आजींना थांबवून "दाखवा बघू स्ट्रिप" म्हणायला हवं होतं. सुचलं तोवर त्या रस्ता ओलांडून गेल्या होत्या. घरी असं कोणी असेल, तर आज त्यांची जुनी आणि नवी स्ट्रिप शेजारी ठेवून नावापुढची अक्षरं आणि आकडा वाचा. वेगळं दिसलं तर फोन डॉक्टरांना करा, गोळी परस्पर बंद करू नका. आणि ते "ही माझी गोळी नव्हे" म्हणाले तर आधी ऐकून घ्या.

गोळी बदलल्यावर आईने मला हळूच सांगितलं, ते तीन आठवडे ती रोज रात्री तशीच बसायची. नंतर नंतर दिवाही लावायची नाही, माझी झोप मोडू नये म्हणून. अंधारात बोटांनी तांदूळ चाचपत. तांदूळ पाकिटातला होता. त्यात निवडायला एक खडाही नव्हता.