आशियाई अंगाला फ्रीस्टाइल झेपत नाही, असं म्हणणाऱ्यांना

पोहण्याची उन्हाळी बॅच सुरू झाली की पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचं सार असं: आशियाई माणसाचे हातपाय आखूड आणि हाडं जड, त्यामुळे फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे हात आळीपाळीने पुढे टाकत पोहण्याच्या सगळ्यांत वेगवान प्रकारात, आशियातून कुणी मोठं जिंकलेलं नाही. अलीकडे जे एकदोघं जिंकले ते औषधांच्या जोरावर. थायलंडचे जलतरणपटू बघा, शेजाऱ्यांत पहिले आणि ऑलिंपिकमध्ये कुठेच नाहीत. आपलंही तेच होणार, तेव्हा मुलांना वेळेत ब्रेस्टस्ट्रोककडे, म्हणजे बेडकासारख्या पोहण्याकडे, वळवा.

मी टँकवर मुलांना शिकवतो. परवा एका दहा वर्षांच्या मुलीचे वडील मोबाइल पुढे धरून म्हणाले, "सर, हिचा स्ट्रोक बदलायचा का?" मुलगी शेजारीच उभी होती, ओल्या केसांनी, सगळं ऐकत. त्या वडिलांना मी तिथल्या तिथे दोन वाक्यांत उत्तर दिलं. हे पूर्ण उत्तर.

आशियातून कुणी मोठं जिंकलंच नाही, हे सगळ्यांत आधी खोडायला हवं, कारण बाकीचा मजकूर त्यावरच उभा आहे. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या जलतरणाच्या सहा शर्यती होत्या. त्यातल्या पाच जपानने जिंकल्या. 100 मीटर फ्रीस्टाइलमध्ये यासुजी मियाझाकी पहिला, 58.2 सेकंद, तात्सुगो कावाइशी दुसरा. 1500 मीटरमध्ये कुसुओ कितामुरा पहिला आला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, म्हणजे आपल्याकडच्या आठवी-नववीतला मुलगा. त्याची 19 मिनिटं 12.4 सेकंद ही वेळ ऑलिंपिक विक्रम म्हणून 1952 पर्यंत टिकली. मधल्या दोन ऑलिंपिकचे विजेतेही तिच्यापेक्षा हळू पोहले. 4 बाय 200 मीटर रिलेत जपानने अमेरिकेला बारा सेकंदांनी मागे टाकलं. रिलेत बारा सेकंद म्हणजे एक संघ भिंतीला टेकून श्वास घेतोय आणि दुसरा अजून पाण्यात हात मारतोय.

मग युद्ध झालं आणि 1948 च्या लंडन ऑलिंपिकला जपानला बोलावणंच नव्हतं. त्याच उन्हाळ्यात हिरोनोशिन फुरुहाशी घरच्या राष्ट्रीय स्पर्धेत 1500 मीटर 18 मिनिटं 37 सेकंदांत पोहला. लंडनमध्ये सुवर्ण मिळालं ते 19 मिनिटं 18.5 सेकंदांना. पुढच्या वर्षी त्याला लॉस एंजेलिसला जायला मिळालं, तिथे अमेरिकनांच्या शेजारच्या लेनमधून तो 18 मिनिटं 19 सेकंदांत पोहला आणि त्याच्या वेळेबद्दलची शंका संपली. हाडं जड असतील तर ती 1949 मध्येही तेवढीच जड होती.

यावर ठरलेलं उत्तर येतं की ते जुने दिवस, आता स्पर्धा वेगळी. ठीक, आताचं बघू. 2004 मध्ये अथेन्सला जपानची आइ शिबाता 800 मीटर फ्रीस्टाइलची विजेती. 2008 मध्ये बीजिंगला दक्षिण कोरियाचा पार्क ते-ह्वान 400 मीटरचा विजेता. टोकियोत हाँगकाँगच्या शिवॉन हॉहीला 100 आणि 200 मीटर दोन्हींत रौप्य. तिचे वडील आयरिश आहेत म्हणून कुणाला तिला बाजूला ठेवायचं असेल तर ठेवा, यादी तिच्यावाचून अडत नाही.

कारण 31 जुलै 2024 ची संध्याकाळ आहे. पॅरिसमध्ये 100 मीटरच्या अंतिम फेरीत चीनचा पान झानले 46.40 सेकंदांत पोहला. फेब्रुवारीत दोहामध्ये त्याने स्वतःच केलेला 46.80 चा विश्वविक्रम त्याने मोडला. दुसरा आलेला काइल चाल्मर्स 47.48 ला भिंतीला लागला. जिथे पदकं शतांशांनी ठरतात तिथे एका सेकंदापेक्षा जास्त अंतर! पानचा विसावा वाढदिवस तेव्हा चार दिवसांवर होता. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या मेडले रिलेचा, म्हणजे चौघे चार वेगवेगळे स्ट्रोक पोहतात त्या शर्यतीचा, शेवटचा फ्रीस्टाइलचा टप्पा त्याने 45.92 मध्ये मारला आणि अमेरिकेला मागे टाकून चीनला सुवर्ण दिलं. 1960 पासून ही शर्यत अमेरिका ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये उतरली तिथे कधी हरली नव्हती.

आता उंचीचा मुद्दा. याला मी उडवून लावणार नाही, कारण यात थोडं खरं आहे. लांब शरीर पाण्यात कमी लाटा उठवतं, लांब हाताची पकड मोठी असते, टर्नला आणि शेवटच्या भिंतीला बोटभर लांबी कामी येते. 100 मीटरच्या अंतिम फेरीतली मुलं सहसा उंचच असतात. पण मजकूर इथे गफलत करतो. सरासरी आखूड आहे म्हणून प्रत्येक जण आखूड आहे, असं तो धरून चालतो. पान सहा फुटांच्या वर आहे, कोरियाचा ह्वांग सन-वूही. आपल्या गल्लीत सहा फुटी मुलगा नसतो का? शर्यतीत सरासरी उतरत नाही, एक माणूस उतरतो.

आणि दुसरी गोष्ट जी टँकच्या काठावर रोज दिसते. वेग वाढला की पाण्याचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो; वेग दुप्पट केला तर विरोध साधारण चौपट. त्यामुळे आडवं अंग सरळ ठेवणं, डोकं खाली ठेवणं, कंबर बुडू न देणं, श्वास घेताना अख्खं अंग न वळवणं, कोपर उंच ठेवून पाणी पकडणं, यांतून जे मिळतं ते निव्वळ उंचीतून मिळत नाही. माझ्याकडे उंच मुलं येतात, पाय खाली सोडून पोहतात आणि बुटकी मुलगी त्यांना पंचवीस मीटरमध्ये मागे टाकते. 2016 मध्ये रिओला सिंगापूरचा जोसेफ स्कूलिंग, उंचीने जेमतेम सहा फूट, 100 मीटर बटरफ्लाय (दोन्ही हात एकदम पुढे टाकून पोहण्याचा प्रकार) 50.39 मध्ये जिंकला. त्याच्यामागे मायकल फेल्प्स, चॅड ले क्लो आणि लास्लो चेह हे तिघेही 51.14 वर बरोबरीत. शर्यत बटरफ्लायची होती हे मान्य, पण तिथेही लांब हातांचा फायदा असतोच.

जड हाडांवर फार वेळ घालवत नाही. छातीत हवा भरली की बहुतेक माणसं तरंगतात. ज्याचे पाय बुडतात त्याला किक शिकवतात, तो कोणत्या खंडातला हे तपासत नाहीत.

औषधांचा आरोप मात्र गंभीर आहे. पार्क 2014 मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीत सापडला आणि त्याला अठरा महिन्यांची बंदी झाली. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 400 आणि 1500 मीटर जिंकलेल्या चीनच्या सुन यांगवरही पुढे बंदी आली. हे लपवून प्रतिवाद करायचा नाही. 2021 मध्ये चाचणीत बंदी असलेलं औषध सापडलेल्या चीनच्या तेवीस जलतरणपटूंचं प्रकरण पॅरिसच्या आधी बाहेर आलं. त्या तेवीस जणांत पान नव्हता. पण समजा उद्या कुणाबद्दल काही निघालं, तरी त्यातून शरीराबद्दल काय सिद्ध होतं? 1976 मध्ये माँट्रियलला पूर्व जर्मनीच्या मुलींनी तेरापैकी अकरा शर्यती जिंकल्या आणि त्यांना सरकारी यंत्रणेतून औषधं दिली जात होती हे पुढे उघड झालं. त्यावरून गोऱ्या अंगाला पोहता येत नाही, असा निष्कर्ष कुणी काढला नाही. तोच न्याय इथेही लावा.

शेवटी थायलंड. नत्थनन जंक्रजांग ही थायलंडची फ्रीस्टाइल जलतरणपटू. आग्नेय आशियाई स्पर्धांत तिने सुवर्णपदकं मिळवली, लंडन आणि रिओ या दोन ऑलिंपिकना ती गेली आणि पदकापासून दूर राहिली. थायलंडला जलतरणात ऑलिंपिक पदक आजवर मिळालेलं नाही. हे सगळं खरं आहे. पण थायलंडची ऑलिंपिक सुवर्णं कुठून आली तेही बघा: पॅरिसपर्यंतची अकराच्या अकरा मुष्टियुद्ध, भारोत्तोलन आणि तायक्वांदोतून. भारोत्तोलनातली पाचही मुलींनी मिळवलेली. ज्या खेळात चांगले कोच, रोजची झुंज आणि वर्षानुवर्षांचा सराव उभा राहिला, तिथे तेच थाई शरीर जगात पहिलं आलं. बँकॉकने चार वेळा आशियाई स्पर्धा भरवल्या, म्हणजे तलाव नाहीत असंही नाही. मला उणीव दिसते ती शेजारच्या लेनमधल्या माणसाची. घरच्या टँकवर आणि शेजारच्या चार देशांत तुम्हीच सगळ्यांत वेगवान असाल, तर शेवटच्या पंधरा मीटरमध्ये तुम्हाला खेचायला कुणी नसतं. स्कूलिंग असा माणूस शोधायला कोवळ्या वयात फ्लोरिडाला आणि पुढे टेक्सासला गेला.

हे आपल्याला नवीन नाही. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचं ब्राँझ मिळवलं. जलतरणात भारताला चोवीस वर्षांनी पदक मिळालं होतं. मग तो तहसीलदार झाला आणि ऐन उमेदीची काही वर्षं सराव जवळजवळ सुटला. तरी तो परत आला. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइलच्या सकाळच्या प्राथमिक फेरीत 22.43 सेकंद, राष्ट्रीय विक्रम. संध्याकाळी अंतिम फेरीत 22.47. ब्राँझ गेलं 22.46 ला. एक शतांश! सकाळची स्वतःचीच वेळ त्याने संध्याकाळी गाठली असती तर पदक त्याचं होतं. त्या एका शतांशात मला हाडं दिसत नाहीत, सरावाविना गेलेली वर्षं दिसतात.

त्या मुलीचा स्ट्रोक आम्ही बदललेला नाही. तिची कोपरं पाण्यात फार लवकर खाली येतात, सध्या त्यावर काम चालू आहे.